आधी पेशंटला विचारा



मिरजेत उभं राहून डॉक्टर आणि नर्सेसपुढं संगीतावर बोलायचं म्हणजे दोन्हीकडून सापडायची भीती. एका रस्त्याला दवाखान्यांच्या पाट्या, दुसऱ्याला सतारमेकरांची दुकानं. चुकलं की कुणीतरी कान धरणारच. काल संध्याकाळी मी त्या दुसऱ्या रस्त्यावर गेले होते. एक कारागीर तंबोऱ्याची जवारी लावत बसला होता. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा धागा सारायचा, तार छेडायची, ऐकायचं, धागा केसभर पुढं. तार बोलेना, तर पुन्हा मागं. अर्ध्या तासानं सवयीप्रमाणं मी स्वतःची नाडी धरली. 68. दुपारच्या सत्रात ती 90च्या घरात होती. अर्थात तेव्हा माझी स्लाइड उघडत नव्हती.

नाद आणि शरीर यांची गाठ आपल्याकडं जुनी आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. काश्मीरहून आलेल्या घराण्यातला हा गृहस्थ, काम दरबारी हिशेबाचं. त्याच्या ग्रंथात स्वरांचं विवेचन सुरू होण्याआधी गर्भ कसा वाढतो, शरीर कसं घडतं, नाड्या कुठून जातात, याचं सविस्तर प्रकरण येतं. मात्र रक्तदाबाला अमुक राग, मधुमेहाला तमुक, असा तक्ता त्यात नाही. तो तक्ता आपल्याला व्हॉट्सॲपवर येतो.

हसू नका. सात-आठ वर्षांपूर्वी मीही तो छापून ओटीच्या भिंतीवर लावला होता. त्याच सुमाराला सत्तरीच्या एक आजी खुब्याच्या ऑपरेशनला आल्या. कमरेत इंजेक्शन दिलेलं, म्हणजे पूर्ण जाग्या. हिरव्या पडद्यापलीकडं हातोडीचा आवाज, मॉनिटरवर नाडी 118. मी तक्ता बघून मोबाइलवर बासरी लावली. चौथ्या मिनिटाला मध्येच मसाल्याची जाहिरात, दुप्पट आवाजात. नाडी 130. आजी म्हणाल्या, “बाई, बंद कर गं ते.” मग काय लावू, विचारलं. “काय नको. आमच्या देवळातला काकडा मला येतोय की.” आणि ओठातल्या ओठात म्हणू लागल्या. ओळ लांब, श्वास घ्यायला मध्ये जेमतेम फट. हातोडी चालूच होती. दहा मिनिटांत 92.

वर्षानं दुसऱ्या पायासाठी त्या पुन्हा आल्या, तेव्हा नातवानं देवळातल्या काकड्याचं रेकॉर्डिंगच आणलं होतं. टाळ बेताल, मागं कुत्रं भुंकतंय, कुणीतरी सारखं खोकतंय. मी आवाज साफ करून घेऊ का म्हटलं, तर आजी म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे. खोकतायत ते आमचं आण्णा हैत.” तो तक्ता मी त्या आठवड्यात काढून टाकला.

व्हेगस नसेबद्दल तुम्हाला मी काय सांगणार. श्वास सोडताना तिचा लगाम हृदयावर आवळतो, घेताना सैल पडतो. म्हणून सोडणं लांबलं की ठोके मंदावतात. इटलीतले बर्नार्डी आणि त्यांचे सहकारी यांनी 2001 मध्ये दाखवलं, की लॅटिन जपमाळ म्हणा किंवा योगमंत्र, दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो. धर्म वेगळे, फुप्फुसं तीच. 2006 मध्ये त्यांनी 24 जणांना सहा प्रकारचं संगीत ऐकवलं, त्यात एक आपला रागही होता. लय वाढली की श्वास आणि नाडी वाढत होती. मध्ये दोन मिनिटं संगीत थांबवलं, तेव्हा मात्र दोन्ही सुरुवातीपेक्षाही खाली गेली. आवडीनिवडीला तिथं फारशी किंमत नव्हती. हे मला पटतं आणि पटत नाहीही. ते 24 लोक निरोगी होते. त्यांच्या खुब्यात कुणी खिळा ठोकत नव्हतं.

2015 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये 73 चाचण्यांचा एकत्र आढावा आला. ऑपरेशनच्या आधी, चालू असताना किंवा नंतर संगीत ऐकलेल्यांच्या वेदना, चिंता आणि वेदनाशामकांची गरज कमी झाली. पूर्ण भूल दिलेल्यांनाही फायदा दिसला. दवाखान्यातला मुक्काम मात्र कमी झाला नाही. प्रशासन हेडफोनचा खर्च कशातून निघणार असं विचारेल, तेव्हा हे वाक्य लपवू नका.

आणि हेडफोन घेण्याआधी ट्रॉलीच्या चाकांना तेल घाला. दवाखान्याभोवतीच्या शांतता क्षेत्रात रात्री 40 डेसिबलची मर्यादा आहे. आपण बाहेरच्या हॉर्नवाल्यावर चिडतो, पण रात्री दोनला आयसीयूत कुणी न बघणारा अलार्म वाजत असतो, दोघं जण क्रिकेटवर बोलत असतात. ज्याला तिथं झोप नाही, त्याला पहाटे राग ऐकवून काय होणार?

आमच्या पूर्वतपासणीच्या फॉर्मवर, ॲलर्जीच्या रकान्याखाली आता एक प्रश्न आहे: काय ऐकायला आवडेल? की काहीच नको? ‘काहीच नको’ लिहिणारे पुष्कळ असतात. त्यांना आम्ही खरोखर काही ऐकवत नाही, आपसातल्या गप्पासुद्धा नाही. गेल्या महिन्यात एका निवृत्त एसटी ड्रायव्हरनं लावणी लिहिली. ढोलकी अशी, की सर्जनचा पाय ठेका धरू लागला. ड्रायव्हरची नाडी मात्र शेवटपर्यंत 72. बर्नार्डींना कळवायला हवं.