वृक्षासन आणि उतारवय
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील व्याख्यान)



आरोग्यावर चार शब्द बोलण्याची कार्यकारी मंडळाने आज्ञा केली, म्हणून मी एकच आसन निवडले आहे : वृक्षासन. कोणत्याही कार्यास आपण 'एका पायावर तयार' असतो. परंतु साठी उलटलेल्या गृहस्थास खरोखरच एका पायावर उभे केले, तर त्याचा हात प्रथम भिंत शोधू लागतो.

हे आसन घेरण्डसंहितेत वर्णिले आहे. महाबलीपुरम् येथे सातव्या शतकात पल्लवांच्या राजवटीत कोरलेल्या भव्य शिल्पपटात एक तपस्वी बाहू उंचावून एका पायावर उभा आहे. त्याच पटात एक मांजरही पुढचे पाय वर करून तप करीत आहे, आणि उंदीर त्याच्यासमीप जमले आहेत! २०१५ सालापासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन झाला. त्या दिवशी केवळ छायाचित्रापुरते उभे राहणाऱ्यांनी ते मांजर अवश्य पाहावे.

उभ्या माणसाचा तोल तीन ठिकाणांहून सांभाळला जातो : डोळे, कानाच्या आतील सूक्ष्म नलिका आणि तळपायांची व सांध्यांची जाणीव. या वार्ता मेंदूस पोचतात व घोट्याचे स्नायू क्षणोक्षणी शरीर सावरतात. म्हणून वृक्षासनात पाय थरथरला, की आसन बिघडले असे समजू नये. ते थरथरणे हेच सावरण्याचे काम होय. वयोमानाने ही तिन्ही साधने मंदावतात; अभ्यासाने त्यांस पुष्कळ धार येते.

ब्राझीलमधील ५१ ते ७५ वर्षे वयाच्या १७०२ व्यक्तींची पाहणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारे पंचमांश व्यक्तींना एका पायावर दहा सेकंद उभे राहता आले नाही. आणि पुढील सुमारे सात वर्षांत त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. आसनाने आयुष्य वाढते, असे यावरून सिद्ध होत नाही. मात्र तोल हा देहस्थितीचा एक निदर्शक आहे, एवढे खास.

आता आपल्या घरांविषयी. वडीलधाऱ्यांनी उठू नये, पाण्याचा तांब्यासुद्धा त्यांच्या हाती द्यावा, हा आपल्या कुटुंबांतील आदर. भावना उत्तम, परिणाम मात्र विपरीत. पडण्याच्या भीतीने बसावे, बसल्याने पाय दुबळे व्हावेत, आणि दुबळ्या पायांनी एके दिवशी न्हाणीघरात पडावे, असा हा फेरा आहे. स्त्रियांची हाडे उतारवयात अधिक ठिसूळ होतात. खुब्याचे हाड मोडून अंथरुणास खिळणाऱ्यांत आपल्या माताभगिनी अधिक असतात. तरी घरातील आजीबाईंना कोणी आसन शिकविले आहे काय?

कृती सोपी आहे. अनवाणी, भिंतीजवळ, पोट रिकामे असताना उभे राहावे. समोर डोळ्यांच्या उंचीवरील एका बिंदूवर दृष्टी ठेवावी. उजवे पाऊल डाव्या मांडीच्या आतील बाजूस टेकवावे. गुडघ्यावर मात्र कदापि दाबू नये. तेवढे न जमल्यास टाच घोट्याशी लावून बोटे जमिनीवरच ठेवावीत. प्रारंभी एक हात भिंतीस असावा, त्यात कमीपणा नाही. काही श्वास झाल्यावर पाय पालटावा. डोळे मिटण्याचे साहस वृद्धांनी करू नये. ज्यांना भोवळ येते, अथवा ज्यांच्या गुडघ्याची वा खुब्याची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी आधी वैद्यांस विचारावे. नातवंडांपैकी एकाने जवळ उभे राहावे. आजोबांना धरण्यासाठी नव्हे, सेकंद मोजण्यासाठी.