जुने यंत्र मोडीत काढण्यापूर्वी

जोसेफिन कॉक्रन या अमेरिकन बाईंनी 1886 साली ज्याचे पेटंट घेतले आणि 1893 च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात जे लोकांच्या नजरेत भरले, ते भांडी धुण्याचे यंत्र आज मोठमोठ्या उपाहारगृहांच्या मुदपाकखान्यांत स्थिरावले असले, तरी ते कुरकुरू लागताच मोडीत काढण्याची जी घाई मालकमंडळी करतात, ती बहुधा अनाठायी असते.

यंत्राचा पोलादी सांगाडा सहसा दगा देत नाही. झिजतात ते पंपाचे सील, दाराचे रबर आणि हीटर. फवाऱ्याची भोके तर भाताच्या एखाद्या शितानेही बुजतात, आणि ताटे खरकटी निघाली की आपण दोष साबणाला देत बसतो! परंतु खरा वैरी म्हणजे क्षारयुक्त पाणी. हीटरवर चुन्याचा पांढरा थर चढला, की अखेरच्या विसळणीस लागणारे सुमारे 82 अंश सेल्सिअस तापमान गाठणे त्यास जड जाते. पंपाखाली थेंब ठिबकू लागताच नव्या सीलची तजवीज करावी. दिरंगाई झाल्यास तेच पाणी मोटरीच्या बेअरिंगपर्यंत पोहोचते व किरकोळ खर्चाचा मामला भारी पडतो.

सुटा भाग मागविताना यंत्रावरील धातूच्या पट्टीवरचा मॉडेल क्रमांक व अनुक्रमांक हुबेहूब उतरून घ्यावा, कारण एकाच कंपनीच्या दोन यंत्रांचे भाग परस्परांस लागू पडतीलच असे नाही. आणि झाकण उघडण्यापूर्वी वीज व पाणी दोन्ही बंद असल्याची खातरजमा अवश्य करावी.