मास्तरीणबाईंचा रंग
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंच्या आग्रहामुळे मी आज बोलायला उभी आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे आणि विषय घेतला आहे परदेशांतील इंग्रजी शिक्षकांच्या नोकऱ्यांचा! ही इंग्रजीबद्दल काय सांगणार, असे कोणाला वाटेल. पण मला बोलायचे आहे ते माणसाची पारख कशी करावी याविषयी, आणि पारख हा तर आपला बायकांचा रोजचा विषय आहे.

माझी भाची इंग्रजी घेऊन एम. ए., बी. एड. झाली. आठ वर्षे ती हायस्कुलात शिकवीत आहे. पूर्वेकडच्या एका देशातील शिकवणीवर्गाकडे तिने अर्ज केला. फोनवर मुलाखत झाली, बोलणे पसंत पडले. मग फोटो मागवला. फोटो गेल्यावर उत्तर आले की, आमच्या पालकांना वेगळ्या चेहऱ्याची अपेक्षा असते. आता शिकवणार पोरगी की तिचा चेहरा?

तिच्याकडून मी बरीच माहिती समजून घेतली. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्यासाठी परदेशी माणसाला जो नेहमीचा व्हिसा मिळे, तो बराच काळ अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिका या ७ देशांच्या नागरिकांसाठीच होता. भारताशी झालेला करार १ जानेवारी २०१० पासून अमलात आला, तेव्हा शिक्षकी परवाना असलेल्या आपल्या लोकांना साहाय्यक शिक्षक म्हणून थोडी वाट मिळाली. फिलिपीन्सची गोष्ट तर नवलाची आहे. तिथल्या १९८७ च्या राज्यघटनेप्रमाणे इंग्रजी ही एक राजभाषा आहे. कोरियातील कितीतरी विद्यार्थी सेबू, बागियो अशा शहरी इंग्रजी शिकायला जातात. पण तिथलीच शिक्षिका कोरियात शिकवायला येते म्हणाली, तर हा व्हिसा तिला मिळत नसे. विहिरीचे पाणी गोड, पण हंडा घरात आणायचा नाही!

हा झाला पासपोर्टचा नियम. पण पासपोर्ट असूनही रंग आड येतोच. काळ्या वर्णाच्या अमेरिकन शिक्षकांना ‘आम्हाला गोरेच हवेत’ असे सांगितल्याच्या बातम्या कोरिया आणि चीन या दोन्ही देशांतून आल्या आहेत. उलट, ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा गोऱ्यांना चीनमध्ये हे काम मिळाल्याचे दाखले आहेत. म्हणजे प्रश्न भाषेचा नव्हे, कातडीचा आहे.

१९६१ साली युगांडात मकेरेरे येथे इंग्रजी शिकवण्याविषयी एक परिषद भरली होती. इंग्रजी जन्मभाषा असलेला शिक्षकच उत्तम, या मताला तिथे बळ मिळाले. १९९२ साली रॉबर्ट फिलिप्सन या भाषातज्ज्ञांनी आपल्या ग्रंथात हे मत चुकीचे ठरवले. जो स्वतः कष्टाने भाषा शिकला, त्याला शिकणाऱ्याची अडचण आधी कळते. हे आपल्याला काही नवे नाही. जिच्या पहिल्या दहा पुरणपोळ्या तव्यावर फुटल्या, तीच सुनेला पुरण कुठे सैल राहिले ते नेमके सांगू शकते.

वर्गाचे चालक म्हणतात, आमच्या मनात भेद नाही, पण आयांना गोराच चेहरा हवा असतो. भगिनींनो, खापर कोणाच्या माथी फुटले पाहा! यात चालकांची सोय आहेच. पण आयांनीच ‘आधी शिकवून दाखवा’ असा हट्ट धरला, तर ही सबब किती दिवस टिकेल?

एकटी बाई काय करणार, असेही म्हणू नका. कोरियात परदेशी इंग्रजी शिक्षकांना एच. आय. व्ही. ची तपासणी सक्तीची होती. कोरियन शिक्षकांना ती नव्हती, कोरियन वंशाच्या परदेशी शिक्षकांनाही नव्हती. २००९ साली न्यूझीलंडच्या एका शिक्षिकेने पुन्हा तपासणी करून घ्यायला नकार दिला. तिची नोकरी गेली, पण ती संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीपर्यंत गेली. २०१५ साली निकाल तिच्या बाजूने लागला आणि २०१७ साली ती सक्ती उठली.

आता आपल्यापुरते सांगते. लेकीसुना अशा नोकरीसाठी अर्ज करतील, तेव्हा आपल्या पासपोर्टवर तो व्हिसा मिळतो का, हे त्या देशाच्या वकिलातीकडून आधी विचारून घ्यावे. दलालाच्या हाती पैसे नंतर. आणि मुलांसाठी इंग्रजीचा वर्ग निवडताना बाईंचा रंग, पोशाख, बोलण्याची ढब पाहू नये. अर्धा तास वर्गात मागे बसावे. मूल घाबरत नाही ना, चुकले तर बाई समजावून सांगतात ना, एवढे पाहावे. ते कळायला सातवी पुरे.