नव्या जिल्ह्याची घरे आणि हवेचा हिशेब

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा-सौंसरचा आपला नवा जिल्हा झाला. आता कचेऱ्या येणार, वसाहती येणार, आणि वाटण्या झालेल्या जुन्या घरांच्या जागी स्लॅबची घरे उभी राहणार. आपली नातवंडे पुढची पन्नास वर्षे ज्या भिंतींत राहतील, त्या आज ठरत आहेत. म्हणून यंदा बाप्पापुढे बांधकामाविषयी बोलायचे आम्ही ठरवले.

जगभर सध्या 'नेट झीरो' इमारतींची चर्चा आहे. इमारतीमुळे हवेत जाणारा कार्बन होईल तितका कमी करायचा आणि उरलेल्याची भरपाई करायची, म्हणजे वहीत बाकी शून्य. या वहीत दोन खाती असतात. एक रोजचे: दिवे, पंखे, कूलर, एसी. दुसरे एकदाच मांडायचे: सिमेंट, लोखंड, विटा तयार करताना आणि वाहून आणताना झालेला धूर. पहिले लाईट बिलात दर महिन्याला दिसते. दुसरे वास्तुशांतीच्या आधीच खर्ची पडलेले असते. मागाहून कितीही काटकसर केली तरी ते परत येत नाही. जगातील ऊर्जेशी निगडित कार्बन उत्सर्जनात इमारती आणि बांधकाम यांचा वाटा सुमारे एक तृतीयांश आहे.

सिमेंटचेच पाहा. चुनखडी आणि माती भट्टीत सुमारे 1450 अंशांपर्यंत तापवून क्लिंकर बनते. कोळशाचा धूर वेगळाच, पण खुद्द चुनखडीत बांधला गेलेला वायूही बाहेर पडतो: एक टन शुद्ध चुनखडीमागे 440 किलो. भट्टी सूर्याच्या विजेवर चालवली तरी हा वायू सुटणारच. म्हणून क्लिंकर कमी वापरणे हाच जवळचा मार्ग. आपल्या शेजारी कोराडी, खापरखेडा आणि सारणीची वीजकेंद्रे राखेचे ढीग लावत आहेत. पीपीसी सिमेंटमध्ये 15 ते 35 टक्के अशी राख असते. मिस्त्री म्हणतात, त्याला ताकद उशिरा येते. ते खरे आहे. म्हणून किमान दहा दिवस नीट पाणी मारायचे. राखेच्या विटेला तर भट्टीच लागत नाही.

आपल्या वाडवडिलांनी कार्बन हा शब्द ऐकला नव्हता. पण जाड मातीच्या भिंती, सागवानी मयाली, वर कवेलू, पुढे ओसरी अशा घरात वैशाखातही दुपारी डोळा लागत असे. सेवाग्रामची बापूकुटी आजही त्याची साक्ष देते. मात्र जुन्याचे उगाच गोडवे नकोत. वाळवी लागायची, माकडे कवेलू फोडायची, दरवर्षी छप्पर फेरावे लागायचे, आणि सारवणाचे कष्ट घरातल्या बायांनाच पडायचे. पक्के घर हवे ही त्यांची मागणी रास्तच होती. पण पक्के म्हणजे चारही बाजूंनी सिमेंट आणि डोक्यावर उघडा स्लॅब, असे कुणी ठरवले? तो स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री आपल्यावरच उष्णता ओततो. मग एसी येतो, आणि दोन्ही खाती एकदमच वाढतात.

दिल्लीत 2014 साली उभे राहिलेले इंदिरा पर्यावरण भवन हे सरकारी कार्यालय आहे. मध्ये मोकळी जागा, खेळती हवा, भरपूर उजेड आणि छतावर 930 किलोवॅटची सौर यंत्रणा, हे त्याचे बळ. अंगण आणि हवा ही आपल्याला परकी विद्या नाही. आपल्या जिल्ह्याच्या नव्या इमारती अशाच व्हाव्यात, अशी मागणी आराखडे कागदावर असतानाच करायला हवी.

घरापुरते चार प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावेत. जुने घर खरेच पाडायला हवे का, की दुरुस्तीने भागेल? उभ्या भिंतीचा कार्बन आधीच मोजून झालेला असतो. सर्वांत स्वस्त घर तेच. जुने सागवान, दगड, विटा पुन्हा लागतील का? पश्चिमेच्या भिंतीवर सावली आणि स्लॅबवर पांढरा लेप आहे का? आणि छतावर सौर पॅनेल? पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे, आणि वीज महिन्याला साधारण 300 युनिट मिळते.

यातले काही आज महाग वाटेल. पण आपण संत्र्याचे लोक. कलम लावल्यावर पहिल्या बहारासाठी चार-पाच वर्षे पाणी घालत थांबणे आपल्याला कुणी शिकवायला नको. मूर्ती शाडूची हवी असा आग्रह आपण धरतोच. ती जिथे बसते त्या घराबद्दलही तो धरू या.

गणपती बाप्पा मोरया!