पाकिटातील नायिका



१८८० च्या दशकात अमेरिकेतील ड्यूक, ॲलन अँड गिंटर आदी तंबाखू कंपन्या सिगारेटच्या पाकिटात जाड कागदाची चित्रे घालू लागल्या. सिगारेट चुरगळू नये, हा एक हेतू; संग्रहाच्या नादाने गिऱ्हाईक परत यावे, हा दुसरा. नाट्यवेषातील अभिनेत्री त्यांवर विपुल असत. व्यापाऱ्याने सौंदर्य विकले. पण त्या काळची वेषभूषा त्यामुळे आपसूक जतन झाली.

त्याच दशकात आपल्याकडे ‘सौभद्रा’तील सुभद्रा होते भाऊराव कोल्हटकर! १९०५ मध्ये बालगंधर्व शकुंतलेच्या वेषात उभे राहिले. पुढे भामिनी, रुक्मिणी, सिंधू झाले. त्यांची ती रूपे छायाचित्रांमुळे आजही आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु १९१३ मध्ये फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ चित्रपटात उतरलेल्या दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांचे चेहरे आपल्यापैकी किती जण ओळखतील? तिकडे पाकिटात चेहरा उरला, कलावतीचे चरित्र हरवले; इकडे नाव उरले, चेहरा विस्मरणात गेला.

ग्रंथालयाचे कार्य येथेच सुरू होते. मराठी आणि तेलुगू शेजारी नांदणाऱ्या या गोदाकाठच्या मंचेरियलात ट्रंकेच्या तळाशी नाटकाचे हस्तपत्रक वा छायाचित्र सापडले, तर ते रद्दीत घालू नका. मागे पेन्सिलीने नाव, भूमिका व साल लिहून येथे आणून द्या. क्षुद्र म्हणून टाकलेला कागदच उद्याच्या अभ्यासकाचा साक्षीदार ठरतो.