आम्ही गाडीतल्या दोघी

(मंडळाच्या चैत्रातील हळदीकुंकू समारंभात दोघी जावांनी मिळून केलेल्या भाषणाचा मजकूर)



सत्कार झाला दोघा भावांचा आणि भाषण मात्र आम्हाला करायला सांगितलं. का, असं विचारलं तर सेक्रेटरी म्हणाले, "ते दोघं नुसते चढ आणि उतार सांगतात हो." खरं आहे. घरीसुद्धा तेच चालतं.

तेव्हा आधीच कबुली देतो. अमेरिका सायकलने ओलांडली ती आमच्या यजमानांनी, थोरल्यांनी चौसष्टाव्या वर्षी आणि धाकट्यांनी एकोणसाठाव्या. आम्ही दोघी मागेपुढे गाडी चालवत होतो. सायकलवर आम्ही एक किलोमीटरही बसलो नाही. रविवारी सकाळी सयाजीबागेपर्यंत, मग पावागडापर्यंत असं करत करत हे खूळ वाढलं आणि धाकटीचा मुलगा पोर्टलंडला असल्यामुळे ते थेट तिकडे जाऊन पोहोचलं.

रस्ता कुठला, ते थोडक्यात सांगतो. ओरेगन राज्यातल्या अस्टोरियापासून व्हर्जिनियातल्या यॉर्कटाउनपर्यंत, म्हणजे पॅसिफिक महासागरापासून अटलांटिकच्या बाजूपर्यंत, सुमारे ६८०० किलोमीटर. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली तेव्हा, १९७६ साली, तिथल्या सायकलवाल्यांनी हा मार्ग आखला. मोठे हायवे टाळून तो लहान लहान गावांतून जातो. नकाशावर फार सुंदर दिसतो. पण लहान गाव म्हणजे एक पेट्रोल पंप, एक चर्च आणि एक खाणावळ. त्या खाणावळीत बर्गर, बटाट्याचे तळलेले काप आणि अंडी. आमच्यातली थोरली शाकाहारी. तिला तीन आठवडे चीज घातलेला पाव मिळाला. रोज तोच.

आता तुम्ही म्हणाल, सामान नेलं नव्हतं का? नेलं होतं. मेतकूट, गोडा मसाला, लसणाची चटणी, लिंबाचं लोणचं, थेपल्यांची चळत. पण आपल्याकडून प्रवासी सामानातून तांदूळ तिकडे नेता येत नाहीत. धान्यातल्या एका किड्याची त्यांना धास्ती आहे. तिथे घेऊ म्हटलं, तर ओरेगनच्या डोंगरात गेल्यावर लक्षात आलं की पोर्टलंडलाच घ्यायला हवे होते. मेतकूट आहे आणि भात नाही, ही काय अवस्था असते ते तुम्हाला सांगायला नको.

गंमत अशी की सायकलवाल्यांना याचं काहीच नाही. दिवसाला शंभर किलोमीटर पाय मारल्यावर माणसाला समोर येईल ते गोड लागतं. पॅनकेकचे ढीग, आइस्क्रीम, काहीही. आम्हाला त्यांच्यासारखी भूक नव्हती, आम्ही गाडीत बसूनच होतो. आम्हाला लागले होते डोहाळे! साठीच्या आसपास दोघींना एकदम. आधी वरणभाताचे. मग नुसत्या भाताचे. मग आलं, मिरची, सोयासॉस, वाफाळणारं काहीही. बडोद्यात असताना चायनीज म्हणजे मुलांचा हट्ट म्हणून खायची गोष्ट. तिकडे मात्र एखाद्या पाटीवर 'नूडल्स' वाचलं की माहेरचं नाव वाचल्यासारखं व्हायचं.

ओरेगनमध्येच जॉन डे नावाचं गाव लागलं. भाऊ संध्याकाळपर्यंत येणार होते, म्हणून आम्ही काम वाह चुंग नावाचं जुनं घर बघायला गेलो. आता ते संग्रहालय आहे. एकोणिसाव्या शतकात त्या भागात सोनं सापडलं आणि शेकडो चिनी मजूर तिथे आले. त्यांच्यासाठी इंग हे आणि लंग ऑन या दोघांनी हे दुकान चालवलं. दुकान, दवाखाना, टपाल, देव, सगळं एका दगडी घरात. इंग हे वैद्य होते आणि नाडी बघून निदान करत. हे ऐकल्यावर आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, कारण आमच्या आजेसासऱ्यांची नाडीपरीक्षा दांडिया बाजारात जुन्या लोकांना अजून आठवते. पुढे चिनी लोक पांगले, पण गोरे लोकही या वैद्यांकडे येत राहिले. १९५२ साली ते वारले. घर बरीच वर्षं कुलूपबंद राहिलं. उघडलं तेव्हा औषधांच्या डब्या जागच्या जागी होत्या आणि सुमारे २३ हजार डॉलरचे न वटवलेले चेक सापडले. गरिबांचे पैसे त्यांनी घेतलेच नाहीत, असं सांगतात.

तिथलं स्वयंपाकघर काळवंडलेलं, अंधारं. तिथे आम्ही बराच वेळ उभ्या राहिलो. त्या दोघांची बायकामुलं चीनमध्येच राहिली होती. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेचं दार बंद झालं, बायकोला बोलावणं तर दूरच. म्हणजे इथे भात शिजवत होते ते पुरुष. त्यांच्या बायका तिकडे काय जेवत होत्या, कुणी लिहून ठेवलेलं नाही. थोरली म्हणाली, "निदान आपण बरोबर तरी आहोत." धाकटी म्हणाली, "बरोबर आहोत, पण जेवायला काय आहे?" हसलो. पण तेव्हापासून काहीतरी आत खुपायला लागलं होतं.

ते बाहेर आलं मोंटाना राज्यात. मिझुला शहरात हा मार्ग सांभाळणाऱ्या संस्थेचं कार्यालय होतं. तिथे भिंतीवर सायकलस्वारांचे फोटो लावत. भावांचाही काढला. आम्ही तेव्हा त्यांचे कपडे धुवायला गेलो होतो, म्हणून फोटोत दोघंच आहेत.

पुढे विझडम नावाचं गाव आहे. विझडम म्हणजे शहाणपण. तिथून निघून आम्ही जो शहाणपणा केला तो आता सांगतो. त्या दिवशी भावांना दोन घाट चढून डिलनला पोहोचायचं होतं. आम्ही कुठेतरी वाचलं होतं की ब्यूट या जुन्या तांब्याच्या खाणींच्या शहरात पेकिन नूडल पार्लर आहे, १९११ पासून चालू असलेलं. आमच्यासाठी दोनशे किलोमीटरहून जास्त वळसा होता. सकाळी ऊन होतं. "तुम्ही व्हा पुढे, आम्ही डिलनला भेटतो," असं सांगून आम्ही सुटलो.

ते हॉटेल वरच्या मजल्यावर आहे. अरुंद जिना, आणि वर बसायला पडदे लावलेले लहान लहान कप्पे. आम्ही पोहोचलो तेव्हा उघडायला वेळ होता. परत फिरायला हवं होतं. आम्ही थांबलो. आत जाऊन भाज्यांचं चाउमीन मागवलं, बरोबर भात. पहिला घास घेतल्यावर थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिखटाने नव्हे, तिखट तिथे नव्हतंच. भावांसाठी दोन डबे बांधून घेतले आणि निघालो.

इकडे दुपारी घाटात गारांचा पाऊस झाला होता. जाड कोट गाडीत होते. फोनला रेंज नाही. थोरले कुडकुडत रस्त्याकडेला बसले, तेव्हा एका शेतकऱ्याने दोघांना सायकलींसकट आपल्या ट्रकमध्ये घालून डिलनला आणून सोडलं. आम्ही पोहोचलो तेव्हा ते मोटेलच्या दारात घोंगडी पांघरून बसले होते आणि ओठ अजून निळसर होते.

धाकटे फक्त एवढंच बोलले, "वहिनी, तुम्हाला दोघींना एकच काम होतं."

थोरली म्हणाली, "एक नाही, भाऊजी. पाणी, खोल्या, कपडे, टायर, यांच्या गुडघ्याचं मलम. आणि तीन आठवड्यांत एकदा तरी विचारलंत का, तुम्ही काय जेवलात म्हणून?"

त्यानंतर कुणी बोललं नाही. कोट गाडीत ठेवून आम्ही गेलो, ही आमची चूक. ती आम्ही तिथेच कबूल केली आणि आजही करतो. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. पण वाक्यसुद्धा खरं होतं आणि तेही मागे घ्यावंसं वाटलं नाही.

रात्री उशिरा थोरल्यांनी डबा उघडला. गार झालेलं चाउमीन त्यांनी सावकाश सगळं संपवलं. मग म्हणाले, "यात आलं आहे." थोड्या वेळाने म्हणाले, "रविवारी सायकल नको. गाडी तुम्ही न्याल तिकडे."

तसंच झालं. कॉलोराडोत हूझियर पास हा ३५०० मीटरचा घाट उतरल्यावर पुएब्लो शहर लागतं. तिथे पहिल्या रविवारखरेदीत विजेचा भाताचा कुकर आणि दहा किलो तांदूळ घेतले. त्यानंतर कॅन्ससच्या सपाट, रटाळ मैलांवर रोज संध्याकाळी भात आणि मेतकूट. कॅन्ससबद्दल एवढं पुरे.

मिझुरीत मात्र आणखी एक रविवार सांगण्यासारखा. स्प्रिंगफील्डला काजू घातलेलं चिकन सगळीकडे मिळतं आणि गावाला त्याचा फार अभिमान. डेव्हिड लिआँग नावाच्या चिनी गृहस्थांनी १९६३ मध्ये तिथे हॉटेल काढलं. गावकऱ्यांना चिनी जेवण नको, तळलेलं चिकन हवं. मग त्यांनी चिकन तळलं आणि त्यावर आपला चिनी रस्सा, काजू आणि कांद्याची पात घातली. धाकटीने मिटक्या मारत खाल्लं. थोरलीने साधा भात घेतला आणि पिशवीतून लसणाची चटणी काढली. आपल्या शेवउसळीचं आणि कशाकशाचं बडोद्यात काय काय झालं, त्यावर मग जेवण संपेपर्यंत चर्चा.

ऑगस्टमध्ये यॉर्कटाउनला पोहोचलो. प्रथेप्रमाणे भावांनी सायकलींची पुढची चाकं पाण्यात बुडवली. फोटो काढायला एक बाई होत्या, त्यांना आम्ही चौघांचा काढायला सांगितला. स्मरणिकेत छापला आहे तो तोच.

कुकर आम्ही बरोबर आणला. तिकडची वीज एकशेवीस व्होल्टची, त्यामुळे इथे तो चालत नाही. धाकटीच्या माळ्यावर आहे.