घरची शाळा आणि भोवतालचे रान

(कुरखेडा येथे उन्हाळी सुटीच्या प्रारंभी पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)





आमचे विद्यार्थी भूगोलात अमेरिकेच्या प्रेअरी या गवताळ प्रदेशाची माहिती पाठ करतात. तेथे लाकूड दुर्मिळ, म्हणून वसाहत करणाऱ्यांनी गवताच्या मुळांसह मातीची ढेकळे कापून घरे उभारली. आज तेथील काही पालक मुलांना घरीच बी पेरायला, लोणी घुसळायला लावून ते जीवन समजावून देतात. आपल्या मुलाला मात्र विचारा, ‘बाळा, आपल्या जुन्या घराची भिंत बांबूच्या कुडाची आणि मातीची का?’ तो गप्प बसतो. जवळच्या रानात जे मिळते त्यातूनच घर उभे राहते, हा तर भूगोलाचा पहिला धडा आहे.

म्हणून सुटीत घरोघरी हाताने शिकण्याचे उपक्रम घ्यावेत, असे आम्ही बैठकीत सुचविले. तेव्हा एक वयोवृद्ध उपासिका उठून म्हणाल्या, “आमी टोपला खाली ठेवला तो पोरांच्या हाती पुस्तक यावा म्हणून. तुमी परत टोपलाच देता का?” सभागृह स्तब्ध झाले.

मित्रहो, हा प्रश्न हलका नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, स्वाभिमानाने जगा, असे सांगितले. त्या वाटेने आपले आईबाप चालले, म्हणून आपण येथे बसलो आहोत. जातीने लादलेले काम ही गुलामीच. परंतु स्वतःच्या इच्छेने, प्रश्न विचारीत, वहीत नोंद करीत केलेले काम हे ज्ञान आहे. हा भेद पाळण्यासाठी आम्ही तीन नियम ठरविले. उपक्रमासाठी शाळा एक दिवसही बुडणार नाही. मुलांच्या कामातून कोणी कमाई करणार नाही. आणि मुलगा-मुलगी दोघेही सारखेच काम करतील. झाडणे मुलीकडे आणि मोजणे मुलाकडे, असे चालणार नाही.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले. त्यात प्राथमिक शाळेत लेखन, वाचन व हिशेबाबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे असावेत, अशी मागणी होती. म्हणजे पुस्तक आणि माती यांचे वैर जोतीरावांनी मानले नाही.

जीवकाची कथा आपण जाणताच. तक्षशिलेत सात वर्षे वैद्यक शिकल्यावर आचार्यांनी त्याला सांगितले, ‘नगराभोवती एक योजन फिर आणि जी औषधी नाही अशी वनस्पती आण.’ तो फिरला आणि रिकाम्या हाताने परतला. तशी वनस्पती त्याला सापडलीच नाही! तेव्हा आचार्य म्हणाले, तुझे शिक्षण पूर्ण झाले. ही परीक्षा पायांनी, डोळ्यांनी आणि हातांनी दिलेली होती. धम्मालाही आपण ‘एहिपस्सिको’ म्हणतो. ये आणि स्वतः पाहा.

आता प्रत्यक्ष काय करावे? मोहफुलांच्या दिवसांत एक किलो ताजी फुले उन्हात पसरावी आणि रोज त्याच वेळी वजन करून लिहावे. वजन का घटते, किती घटते, कोणत्या दिवशी थांबते, हे मुलांनी स्वतः शोधावे. ओली फुले विकावी की वाळवून, हा हिशेब मग आईलाही उपयोगी पडतो.

तेंदूपत्त्याचे गणित घ्या. ७० पानांचा एक पुडा, १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी. म्हणजे एका गोणीत ७०,००० पाने! शंभर पुड्यांचा दर कळला की घरच्या मजुरीचा हिशेब मुलाने मांडावा. ज्या घरात हिशेब लिहिला जातो, त्या घराला फसविणे कठीण असते.

धानाचे दाणे तीन वाट्यांत ठेवा. एक कोरडी, एक ओलसर, एक पाण्याने काठोकाठ भरलेली. कोणते आधी उगवतात ते पाहा. पावसाळ्यात बांधीच्या धुऱ्यावर हातभर लांबी-रुंदीचा चौकोन दोरीने आखा आणि त्यातील गवताचे प्रकार, मुंग्या, किडे मोजा. गवताला आजी कोणत्या नावाने ओळखते ते विचारा. आजी निरक्षर असेल, अज्ञानी नाही.

काही काळजी मात्र घ्या. मोठ्या माणसाशिवाय रानात जाऊ नये. अनोळखी फळ वा सात्या तोंडात घालू नये. पाखरांची अंडी उचलू नयेत. मोहाखालचा पालापाचोळा झाडून गोळा करावा, पेटवू नये. त्यातूनच वणवे लागतात.

आपल्याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड बांधवांचे गाव आहे. तेथील लोकांनी अभ्यासगटात बसून कायदा आणि जंगल दोन्ही समजून घेतले. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक हक्क मिळाला. केवळ मागून हे झाले नाही. त्यांना आपले जंगल माहीत होते, आणि कायदाही वाचता येत होता. दोन्ही लागते.

त्या उपासिकेची शंका पूर्ण मिटली, असे आम्ही म्हणणार नाही. पण नातवाची मोहफुलांची वही त्यांनी त्याच्याकडून दोनदा वाचून घेतली आणि म्हणाल्या, “शाळा नोको सोडू म्हणजे झाला.” मित्रहो, बाबासाहेबांच्या ‘शिका’ या आज्ञेचा यापेक्षा सोपा अर्थ आम्हाला सांगता येणार नाही. या सुटीत प्रत्येक घरात अशी एक वही सुरू व्हावी, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

जयभीम! नमो बुद्धाय!